कोणाच्या ओळखीनं

छापखाना बंद झाला त्या आठवड्यात मामाने घरातले सगळे नळ उघडून परत बसवले. स्वतःचे संपल्यावर तो पाना घेऊन वरच्या मजल्यावर आमच्याकडे आला. आमच्या बाथरूममधला नळ चांगला होता. मामाने उघडल्यावर तो गळायला लागला. आई म्हणाली, "अरे, बस ना जरा." मामा बसला आणि छताकडे बघायला लागला. आईला आपला धाकटा भाऊ पाठ होता. ती म्हणाली, "पंख्याला हात लावशील तर याद राख."

मामा तेव्हा पन्नाशीला टेकला होता. मिसरूड फुटायच्या वयापासून तो एकाच छापखान्यात ऑफसेट मशीनवर होता. औषधांची खोकी, शाळेची पुस्तकं, साबणाची वेष्टनं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. दिवसभर त्या मशीनभोवती त्याच्या फेऱ्या चालायच्या. इकडून कागद लाव, तिकडून छापलेला ताव उचल, उजेडात धरून रंग बघ, परत शाईच्या बाजूला जा. घरी आला की ओंडक्यासारखा झोपायचा. मग मालकाच्या मुलांनी जागा विकली, सगळ्यांचा हिशेब चोख केला आणि हात जोडून निरोप दिला. तक्रारीला जागाच ठेवली नाही, आणि तेच मामाला खुपत होतं. भांडायला कोणी सापडलं असतं तर निदान राग तरी काढता आला असता. फेऱ्या मात्र त्याच्या पायांत शिल्लक राहिल्या होत्या आणि घर होतं दोन खोल्यांचं.

"थांबा हो एका जागी," मामी म्हणायची. "तुमच्याकडे बघून मला भोवळ यायला लागलीय."

"मग बघू नकोस."

"दोन खोल्यांत दुसरीकडे बघू तरी कुठे?"

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकत होती. तिची परीक्षा होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. दुपारी तिचा फोन आला की मामा घाईघाईत म्हणायचा, "अगं, कामावर आहे, मागे मशीनचा आवाज येतोय ना, नंतर बोलतो." आणि मामी शेजारी उभी राहून मिक्सर लावायची.

काम शोधायला त्याने छापखान्याच्या जुन्या रीतीनेच सुरुवात केली. त्या धंद्यात माणूस हवा असला की मालक शाईवाल्याला सांगतो. शाईवाला डबे घेऊन सगळ्या छापखान्यांत फिरतो, त्यामुळे कुठे कोण आजारी आहे, कोण भांडून गेलाय, कुणाकडे दुसरी पाळी सुरू होतेय, हे त्याला मालकाच्या आधी ठाऊक असतं. मामाने त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. शाईवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, जिथे जातो तिथे माणसं कमी करतायत. शाई खपत नाही. मीच दुसरं काहीतरी बघतोय. तुमच्या कानावर काही आलं तर मला सांगा."

मामा घरी येऊन मामीला म्हणाला, "घ्या. विहिरीवर गेलो तर विहीरच तहानलेली."

मग पेपरातल्या जाहिराती. सकाळी पेपरवाला जिन्यात पोचायच्या आत मामा खाली जाऊन उभा असायचा. 'पाहिजेत' या रकान्यात पेनाने गोल करायचे आणि एकेकाला फोन लावायचा. पलीकडून दोन प्रश्न यायचे. पहिला, काय येतं. त्याचं उत्तर मामा छाती काढून द्यायचा. दुसरा, वय किती. त्यावर तो "पन्नास पूर्ण नाहीत" म्हणायचा, कधी "चाळिशीतच आहे" म्हणायचा, एकदा तर "तसं काही जाणवत नाही" म्हणाला. पलीकडचा म्हणायचा, "कळवतो."

मामी म्हणाली, "वय म्हणजे काय भाजी आहे, घासाघीस करायला? जे आहे ते सांगून मोकळे व्हा."

एकाने मात्र वय ऐकूनही बोलावलं. शहराबाहेर मोठा, नवा छापखाना होता. तिथल्या मॅनेजरने विचारलं, "कंट्रोल पॅनलवरचं काम येतं ना?" आणि मामा म्हणाला, "येतं." त्याने तसं पॅनल आयुष्यात पाहिलं नव्हतं. मशीनपाशी नेलं तेव्हा त्याला वाटलं, मशीन ते मशीन, आत कुठेतरी ओळखीचं असेलच. पण शाईचा स्क्रू नाही, हाताने फिरवायचं चाक नाही, सगळीकडे काच आणि काचेवर आकडे. त्याने एक आकडा दाबला. पिवळा रंग कागदभर पसरला. दुसरा दाबल्यावर मशीनने ताव गिळले. तिथे तिशीतली एक बाई ऑपरेटर होती. तिने पुढे होऊन लाल बटण दाबलं आणि हळूच म्हणाली, "असू दे काका. सुरुवातीला माझंही असंच झालं होतं."

मामीला त्याने सांगितलं की जागा आधीच भरली होती. मला खरं सांगितलं, कारण मी भाची, आणि लहानपणापासून आमचं गुपितांचं खातं चालू. "ती ओरडली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि आमच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.

त्या रविवारी मी त्याचा बायोडेटा लिहायला बसले.

"इतकी वर्षं तू काय केलंस, सविस्तर सांग."

"मशीन चालवलं."

"आणखी?"

"बंद पडलं तेव्हा चालू केलं."

"मामा, पान भरायचंय."

"मग अक्षर मोठं कर."

कसंबसं पान भरलं, फोटो चिकटवला आणि नोकरीच्या दोन-तीन वेबसाइटवर त्याचं नाव चढवलं. त्यानंतर मामाच्या हातातून फोन सुटेना. जेवताना फोन ताटाशेजारी, दाढी करताना आरशाखाली. तो वाजला की मामा फेस लावलेल्या तोंडाने वाचायचा: तुमच्यासाठी योग्य नोकरी, नृत्यशिक्षक. तुमच्यासाठी योग्य नोकरी, सौंदर्य सल्लागार. त्याने मला विचारलं, "हे ठरवतं कोण?"

"मशीन."

"नीट लावलेलं नाही," तो म्हणाला.

रोजगार मेळाव्याचा फलक मामीने बाजारात पाहिला. मामा तोपर्यंत दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन दारातूनच परत आला होता, आणि हे तिला कळलं होतं. ती म्हणाली, "मी येते बरोबर. दारापर्यंत नाही, टेबलापर्यंत."

मेळावा खेळांच्या मोठ्या सभागृहात होता. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले होते. आत शिरल्यावर गर्दीत अंगाला अंग घासत होतं. भिंतीकडेने टेबलं आणि टेबलांवर कंपन्यांच्या पाट्या. सकाळी दोन कंपन्या आल्याच नाहीत म्हणून टेबलं हलवली होती आणि बाहेर लावलेला नकाशा जुनाच राहिला होता. लाउडस्पीकरवर कोणी काही सांगत होतं, ते त्याचं त्यालाच कळत असावं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात होता. जी रांग हलते आहे असं वाटे तिकडे तो पळे, आणि गेला की ती थांबे.

मामी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर त्याची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिथून सगळं सभागृह दिसत होतं आणि तिला दुसरं काही काम नव्हतं. एका घाबरलेल्या मुलीने विचारलं, "काकू, गोदामवाले कुठे बसलेत?" मामी म्हणाली, "खिडकीजवळ गेलेत आता. आधी दाराशी पिवळा फॉर्म घे, नाहीतर परत पाठवतात. आणि त्या टोपीवाल्याच्या रांगेत उभी राहू नकोस, ती चहाची आहे." मग आणखी कोणी विचारलं, मग आणखी कोणी. थोड्या वेळाने मामीसमोरच रांग लागली. कोपऱ्यात खांबाआड एका हॉस्पिटलचं टेबल होतं, ते कुणालाच सापडत नव्हतं. मामीने तिकडे इतकी माणसं पाठवली की तिथली निळ्या कोटातली बाई उठून बघायला आली, की ही मंडळी येतायत कुठून.

"तुम्ही आयोजकांपैकी का?" तिने विचारलं.

"नाही हो. मी यांच्याबरोबर आलेय."

"काम कराल?"

"कसलं?"

"हेच. आमच्याकडे येणारी अर्धी माणसं चुकतात. एक्स-रे काढायला आलेले आजोबा बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन बसतात. मदत कक्षासाठी माणूस हवंय."

"मी दहावी आहे. आणि कधी कुठे कामाला..."

तेवढ्यात मामा घामाघूम होऊन तिथे पोचला. त्याने शेवटचं ऐकलं आणि तो हसला. "ही? अहो, हिला आमच्या बसचा नंबर लक्षात राहत नाही."

ते हसणं नडलं. मामी उठून उभी राहिली. "बसने मला जायचं असतं कुठे, हे कधी विचारलंत का?" ती मामाला म्हणाली आणि त्या बाईकडे वळली. "फॉर्म द्या."

मामा त्या दिवशी बरेच 'कळवतो' घेऊन घरी आला. मामीला चार दिवसांत फोन आला. मुलाखत झाली, मग आठवडाभर शिकाऊ म्हणून उभं केलं, आणि मग जांभळं जाकीट आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. जाकीट घालून ती आम्हाला दाखवायला वर आली. आईने तिला जवळ घेतलं. मामा मागे दारात उभा होता. "बाही लांब आहे," तो म्हणाला.

मामी कामाला लागली आणि मिक्सर लावायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्याला मुलीला खरं सांगावं लागलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या छापखान्यात वाटण वाटतात हे मला केव्हाच कळलं होतं. म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

आता दिवसभर घरात मामा एकटा. त्याने स्वयंपाक शिकला, पहिल्यांदा खारट, मग अळणी, मग बरा. फरशी अशी घासायचा की मामी चप्पल हातात घेऊन आत यायची. तरी दुपार उरायचीच. ती दुपार त्याला खायला उठायची. खिडकीशी जा, परत ये, फोन बघ, परत खिडकीशी. संध्याकाळी मामी पाय सुजवून यायची आणि सांगायला सुरुवात करायची, आज कोण चुकलं, कोण रडलं, कोणी तिला डॉक्टर समजून जीभ दाखवली. मामा ऐकायचा, पण त्याचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत असायचा.

एकदा तो कुणाला न सांगता हॉस्पिटलात गेला. मोठ्या दालनात एका खांबाआड उभा राहून मामीकडे बघत राहिला. काठी टेकत एक म्हातारा तिच्यापाशी आला. तिने त्याला हाताने दिशा दाखवली, मग काउंटरमागून बाहेर आली आणि त्याच्या चालीने चालत त्याला लिफ्टपर्यंत सोडून आली. मामा तिला न भेटताच परत फिरला.

"तिथे ती वेगळीच दिसते," त्याने मला सांगितलं.

"वेगळी म्हणजे?"

"कसली घाईच नाही तिला."

दुसऱ्याच दिवशी तो एजन्सीत गेला. एका अरुंद जिन्याच्या वर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या एका खोलीत ती एजन्सी होती. तिथल्या बाईंनी त्याचा बायोडेटा वाचला आणि बाजूला ठेवला.

"छपाई विसरा, काका. चालता येतं ना भरपूर?"

"तेवढंच तर येतं," मामा म्हणाला.

त्यांनी त्याला एका गोदामात लावलं. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपनीचं गोदाम, पत्र्याच्या छताखाली कपाटांच्या गल्ल्याच गल्ल्या. हातात एक यंत्र द्यायचे. त्यावर कुठल्या गल्लीतून कुठली वस्तू आणायची ते दिसायचं आणि उशीर होऊ लागला की ते टूं टूं करायचं. पहिले काही दिवस मामा खूश होता. दिवसभर चालायचं आणि त्याचा पगार, याहून सुख काय! मग त्याची जुनी खोड आडवी आली. एखादं खोकं उचललं की तो ते उजेडात धरायचा. "लाल रंग सरकलाय बघा यांचा," तो शेजारच्याला म्हणायचा, आणि हातातलं यंत्र टूं टूं. सुपरवायझर म्हणाला, "काका, खोकं बघायचं नसतं, न्यायचं असतं."

हळूहळू तो आवाज घरी यायला लागला. म्हणजे मामाला तो ऐकू यायचा. जेवताना दोन घासांच्या मध्ये तो मनगटाकडे बघायचा. मामी पाणी आणायला उठली की म्हणायचा, "लवकर, लवकर." आमच्याकडे आला तरी टेकायचा नाही, दारातच उभा राहून बोलायचा आणि वाक्य अर्धं टाकून निघायचा. आई घाबरली. "याच्या पायांना आधी घर पुरत नव्हतं," ती म्हणाली, "आता जग पुरेना झालंय." एका सकाळी मामाने ते यंत्र सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं, ते वाजत होतं तसंच, आणि घरी चालत आला.

मामी रागावली नाही. "बरं केलंत," म्हणाली. मामाला ते जास्त लागलं. हल्ली सगळेच त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते.

असेच काही आठवडे गेले. मग एका दुपारी मामा आमच्याकडे दरवाजाची बिजागरी घट्ट करत असताना त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, हॉस्पिटलच्या कार्यालयातून बोलतोय, तळघरातल्या छपाई विभागात एक जागा होतेय, आमच्या कर्मचाऱ्यांनी ओळखीतली नावं सुचवायची असतात, तुमच्या पत्नीने तुमचं नाव दिलंय. मामाचा चेहरा बिजागरीसारखा घट्ट झाला.

"चुकीचा नंबर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. संध्याकाळी खालून आवाज यायला लागले तेव्हा आई म्हणाली, "चल," आणि आम्ही दोघी खाली गेलो.

"मला न विचारता?" मामा म्हणत होता.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नसतो म्हणालो."

"म्हणून नाही विचारलं."

"उद्या लोक काय म्हणतील? बायकोच्या वशिल्यानं चिकटला."

"कुठले लोक हो? कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही, ते?" मामीने अजून जाकीट काढलं नव्हतं. "आणि तुमच्या छापखान्यात तुम्ही लागलात कसे? मुलाखत देऊन? या ताईंच्या नवऱ्यानं मालकाकडे शब्द टाकला होता. त्यांनी टाकला तो शब्द, आणि मी टाकला की वशिला?"

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

मामाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला विचारू नकोस. ती बरोबर बोलतेय."

मामाने चपला घातल्या, जिना उतरला, थोड्या वेळाने परत आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. सकाळी मामी उठली तेव्हा तो घरात नव्हता.

त्या सकाळचं पुढचं मला त्यानेच सांगितलं. उजाडायला आल्यावर तो निघाला आणि पाय नेतील तिकडे चालत राहिला. उड्डाणपुलाखाली जिथे तीन रस्ते मिळतात तिथे बरीच माणसं उभी होती. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या हातात करवत, काही बायका घमेली घेऊन. रोजच्या कामावर नेणाऱ्या मुकादमाची वाट बघणारी ती माणसं. मामा रस्ता ओलांडायला थांबला आणि त्यांच्यात मिसळून गेला. एक छोटा ट्रक येऊन उभा राहिला. मुकादमाने खाली न उतरताच बोट फिरवलं, तू, तू, तू ये. बोट मामाच्या अंगावरून पुढे गेलं आणि मागे आलं.

"तुम्हाला काय येतं?"

"छपाई," मामाच्या तोंडून निघून गेलं.

दोन-तीन जण हसले. मुकादमही हसला, पण वाईट नव्हतं ते हसणं. ट्रक गेला. मामाच्या शेजारी रंगाच्या डब्यात ब्रश उभे करून एक रंगारी बसला होता, साधारण त्याच्याच वयाचा. त्याने सरकून जागा करून दिली.

"नवीन दिसता," तो म्हणाला.

"नाही, म्हणजे... घरी भांडून आलोय."

"कशावरून?"

मामाने सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं. रंगाऱ्याने सगळं ऐकलं, मग डब्याचं झाकण उघडून उगीच परत बसवलं.

"म्हणजे आत एक माणूस आहे, जो तुमच्यासाठी बोलतोय?"

"माणूस कसला, बायको आहे."

"आमच्यासाठी असं कोणी बोलणारं असतं," रंगारी म्हणाला, "तर आम्ही इथे धूळ खात उभे राहिलो असतो का? मला माझ्या बायकोनं नाव सुचवलं असतं तर मी बँडबाजा लावून गेलो असतो."

दुसरी गाडी आली. रंगारी डबा उचलून पळाला. त्याला घेतलं की नाही ते गर्दीत मामाला दिसलं नाही. तो तिथेच उभा राहिला, ऊन वर येईपर्यंत, कार्यालयं उघडायची वेळ होईपर्यंत. मग त्याने कालचा नंबर लावला.

"आपण काल चुकीचा नंबर म्हणाला होतात ना?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"हो. काल चुकला होता. आज बरोबर आहे."

छपाई विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. केसपेपर, फाइलींची कव्हरं, एक्स-रेची पाकिटं, वॉर्डात लावायच्या सूचना, सगळं तिथे छापतात. विभागप्रमुख बुटके, सारखे खोकणारे गृहस्थ. त्यांनी दोन मशीनं दाखवली. एक जुनं, छोटं ऑफसेट, आणि एक नवं डिजिटल, तसंच काचेचं.

"काय काय येतं?"

मामा म्हणाला, "हे येतं. ते येत नाही. शिकवलंत तर शिकेन. दुसऱ्या एका ठिकाणी येतं म्हणालो होतो आणि कागद वाया घालवले, म्हणून आधीच सांगतो."

हे ऐकून प्रमुख भारावून वगैरे गेले नाहीत. जागेसाठी चौघं आले होते. त्यातल्या एका तरुणाला डिजिटल उत्तम येत होतं, त्यांनी त्याला घेतलं. मामाला म्हणाले, "तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. काही झालं तर कळवतो."

पुन्हा तेच कळवतो! पण या खेपेला मामीचाही जीव टांगणीला लागला. तिने शब्द टाकला होता, आणि तो अर्धवट लोंबकळत राहिला होता. त्या दिवसांत त्या दोन खोल्यांत दोघंही फिरायची. हा खिडकीकडे निघाला की ती दाराकडे, आणि मध्ये एकमेकांना धडकायची. मामी म्हणायची, "मी उगीच नाव दिलं." मामा म्हणायचा, "गप्प बस. दिलंस ते बरं केलंस." आई वरून ऐकायची आणि म्हणायची, "आता यांना कोण थांबवणार?"

त्या तरुणाला तळघर मानवलं नाही. त्याला उजेडातली, मोठ्या छापखान्यातली नोकरी मिळाली आणि तो दुसऱ्या पंधरवड्यातच गेला. मामाला फोन आला तेव्हा तो भांडी घासत होता. ओल्या हाताने फोन उचलताना तो सिंकमध्ये पडता पडता वाचला. "लगेच येतो," तो म्हणाला. पलीकडून सांगितलं, लगेच नको, सोमवारी या. तरी तो लगेच निघाला, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला आणि बसला किती वेळ लागतो ते बघून परत आला.

सोमवारी फाटकावरच्या रखवालदाराने पास लिहायला घेतला. नाव, विभाग, आणि मग विचारलं, "कोणाच्या ओळखीनं?"

मामाने शर्टाची कॉलर सरळ केली. "मदत कक्षातल्या बाई आहेत ना," तो म्हणाला, "त्यांच्या."

"तुमचं नातं?"

"मी त्यांचा नवरा."

रखवालदाराने तसंच लिहिलं आणि फाटक उघडलं. मामाला वाटलं होतं तो हसेल. तो पुढच्या माणसाकडे वळला होता.

डिजिटल मशीन मामाला अजून पूर्ण वश झालेलं नाही. पहिल्या महिन्यात त्याने त्यात कागद अडकवून ठेवला आणि प्रमुख इतके खोकले की वरून नर्स आली. पण तो शिकला, चुकत चुकत, एका वहीत बटणांची चित्रं काढून. ऑफसेटवर तो एकटाच आहे. गुडघा हलायचा कमी झालाय, थांबलाय असं म्हणवत नाही. तळघरात खिडकी नाही आणि आवाज एकच, मशीनचा. त्यात त्याला झोप येईल असं आईला वाटत होतं. तो म्हणतो, उलट तिथेच डोकं जागं राहतं.

नोकरी कराराची आहे, दर वर्षी नवा कागद येतो. पहिलं वर्ष संपलं तेव्हा कागद वेळेवर आला नाही. मामा जुन्या पासवर रोज जात राहिला. कोणी अडवलं नाही आणि त्यानेही कोणाला विचारलं नाही. घरी मात्र सगळ्या खुर्च्यांचे स्क्रू आवळून झाले. आठवड्याने कागद आला. मामी तोपर्यंत कायम झाली होती, तिला आता एका मजल्यावरची मदत कक्षाची सगळी माणसं सांभाळायला दिली आहेत. दोघांच्या पाळ्या वेगळ्या आणि बसही वेगळ्या. जो आधी घरी पोचतो तो स्वयंपाकाला लागतो. बहुतेक वेळा मामाच पोचतो, कारण तो एक थांबा आधी उतरून चालत येतो आणि तरी बसच्या पुढे असतो.